आज्ज्याच्या धनगरी ओव्या जपायच्यात, रेकॉर्डर कुठला घेऊ? चित्रं कुणाकडून काढून घेऊ? (बजेट १० हजार)

बिरूचा_नातू:
नमस्कार मंडळी. गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, आरेवाडीच्या बिरोबाच्या बनापासून जवळच. मी चाकणला कंपनीत असतो. आज्जा ८१ वर्षांचा, सगळी हयात मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा फिरता तळ, कृष्णाकाठाला निघायचा, शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायचे आणि रात्री वाड्यावर ओवी चालायची. बिरोबाचा जन्म, कामाबाईचं लग्न, सगळं तोंडपाठ, एकेक कथा अख्खी रात्र पुरते आणि लिहिलेलं कुठंच नाही. वडील ओवी म्हणत नाहीत, मला सुरुवातीचं सुंबरान मांडायच्या पुढं येत नाही. चार वर्षांखाली मेंढरं विकली, तेव्हापासून आज्ज्याचं गाणं कमी झालं, आवाजही बसत चाललाय. तर दोन गोष्टी विचारायच्यात. रेकॉर्डर कुठला घेऊ, का मोबाईलवर भागेल? आणि ओवीतले प्रसंग चित्रात आणायचेत, पुढच्या पोरांना बघून तरी कथा सांगता यावी म्हणून. सगळं मिळून १० हजार, जास्त जमणार नाही.

ध्वनी_सातारा:
डोळे झाकून झूमचा एच१ घ्या. मी २०१९ ला घेतला, मला साडेनऊला पडला, आजतागायत सेल बदलण्यापलीकडं काही करावं लागलं नाही. आमच्या गावची सगळी भजनं त्यावरच केलीत.

लेन्स_कोल्हापूर:
नुसता आवाज कशाला दादा? आज्ज्याचा चेहरा, हातवारे, डोक्यावरचा पटका नको का दिसायला? चांगला मिररलेस कॅमेरा आणि वेगळा माईक घ्या, ८०-८५ हजारात होईल. मी पट्टणकोडोलीच्या यात्रेत भंडारा उधळताना शूट केलंय, ते बघून लोक रडलेत.

बिरूचा_नातू:
दादा बजेट दहा हजार आहे.

लेन्स_कोल्हापूर:
हप्त्यावर मिळतो. आज्जा परत मिळणार नाही.

जात्यावरची:
ओवी म्हणजे जात्यावरची ना? पुरुष ओव्या म्हणतात हे पहिल्यांदाच ऐकतेय. माझी आजी पहाटे दळताना म्हणायची.

माणदेशी_१९७१:
ताई, धनगरी ओवी वेगळी. तुमची दोन-चार ओळींची, ही रात्रभराची कथा. आधी गातात, मग तेच बोलून उलगडून सांगतात, परत गातात. सुंबरान म्हणजे स्मरण, पहिल्यांदा देवांना आठवायचं आणि मग पुढं. जर्मनीचे गुंथर सोंथायमर इथं येऊन वाड्यावाड्यांवर फिरले, धनगरांच्यात बसून ओव्या टेप केल्या, ते १९९२ ला गेले. बाहेरचा माणूस एवढं करून गेला आणि आपल्या पोरांना बिरोबाची कथा विचारली तर गप्प बसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

जात्यावरची:
बरं झालं सांगितलंत. पण जात्यावरच्या ओव्यांना कमी लेखू नका, गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी हजारावर गावांतून लाखावर ओव्या जमवल्यात. त्यात गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं, ते मला फार आवडलं. तुम्हीही तसंच करा.

गोरमाटी_दारव्हा:
नावावरून सांगते. आमच्या बंजारा तांड्यावर होळीला लेंगी म्हणजे होळीची गाणी गातात. एकजण कॅमेरा घेऊन आला, माझ्या मावशीची लेंगी रेकॉर्ड केली, दोन महिन्यांनी तीच खाली डीजेचा ठेका घालून इंटरनेटवर, नाव त्याचं आणि मावशीचं कुठंच नाही. मावशीनं त्यानंतर बाहेरच्यासमोर तोंड उघडलं नाही. म्हणून रेकॉर्डिंग सुरू झाल्या झाल्या आज्ज्यालाच स्वतःचं नाव, गाव, तारीख आणि ही ओवी कुणाकडून शिकलो ते सांगायला लावा. बाहेर टाकायची का घरातच ठेवायची हेही त्यांनाच विचारा, काही गोष्टी देवापुढच्याच असतात. चित्राचं म्हणाल तर आमच्याकडं जे काय आहे ते कशिद्यात, फेटियावरच्या, म्हणजे घागऱ्यावरच्या, कवड्या आणि काचांत आहे. पोहरादेवीला २०२४ मध्ये विरासत म्युझियम झालंय, मी आईला घेऊन गेले होते, आई जुन्या कपड्यांसमोरून हलेना.

कुडाळकर_९:
चित्रांसाठी आमच्या पिंगुळीला या. ठाकर समाजाची चित्रकथी, एकेका आख्यानाची चित्रांची पोथी असते, एक चित्र पुढे धरायचं, गात गात कथा सांगायची, मग पुढचं चित्र. म्हणजे तुम्हाला नेमकं जे हवंय तेच. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, गोठ्यात म्युझियम उभं केलंय त्यांनी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यापण बघायला मिळतात.

इतिहास_वेडा:
चित्रकथी पैठणची. त्या चित्रांना पैठण शैलीच म्हणतात.

कुडाळकर_९:
नाव पैठणचं पडलं म्हणून काय झालं, पोथ्या पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे सांभाळल्या. सावंतवाडीच्या राजांचा आश्रय होता. एकदा येऊन बघा मग बोला.

इतिहास_वेडा:
पुण्यात केळकर संग्रहालयात बघितलीत मी.

माणदेशी_१९७१:
वाद नंतर घाला. नातूभाऊ, चित्रकथीत रामायण-महाभारत चालतं, बिरोबाला त्या ठेक्यात कसं बसवणार? आपल्याकडं ऐकून चित्र काढणारं कुणी असेल तर बघा.

ध्वनी_सातारा:
परत सांगतो, झूम एच१.

टेप_ते_कार्ड:
रेकॉर्डर कुठलाही घ्या हो, गमावणार कुठं ते आधी बघा. मी वडिलांची गोंधळाची गाणी ११ तास एकाच हार्डडिस्कवर ठेवली होती, डिस्क पडली, सगळं गेलं. वडील आता नाहीत. तीन कॉप्या करा, त्यातली एक दुसऱ्या गावात पाहुण्यांकडं ठेवा. वेव्ह फॉरमॅटमध्ये करा, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला तासाला साधारण १ जीबी जातो, म्हणजे ३२ च्या कार्डात ३० तास आरामात. व्हॉट्सॲपवर पाठवलंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आवाज दाबला जातो. आणि ढोल असेल तर रेकॉर्डर ढोलापासून लांब आणि आज्ज्याजवळ ठेवा, लेव्हल कमी धरा, एकदा फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.

लेन्स_कोल्हापूर:
म्हणून म्हणतो कॅमेरा घ्या, त्यात दोन कार्डं असतात.

बिरूचा_नातू:
सगळ्यांचे आभार. शनिवारी गावी गेलो होतो. मित्राचा रेकॉर्डर मागून नेला. आज्ज्याला सोप्यात बसवलं, समोर ठेवला, सुंबरान मांडलं आणि चार ओळींनंतर गप्प. म्हटलं विसरलास का? तर म्हणाला, "झील धराया कोण न्हाई, ढोल न्हाई, मी कुणाला सांगू?" झील म्हणजे मागून सूर ओढून साथ द्यायची. मग कळलं की ढोल मेंढरं विकल्यापासून माळ्यावर पडून, एका बाजूचं कातडं उंदरांनी खाल्लेलं.

तर रेकॉर्डर घेतला नाही. ढोल मढवून घेतला, कैताळ (झांजा) नवे आणले, आज्ज्याबरोबर वाड्यावर झील धरायचे ते दोघं आता हातकणंगल्याकडं असतात, त्यांना गाडी करून आणलं. साडेआठ हजार गेले. काल रात्री दहाला बसले ते पहाटे साडेचारला उठले. आज्ज्याचा बसलेला आवाज बारानंतर कुठून आला कळलं नाही. मोबाईलवरच घेतलंय, सुरुवातीला नाव, गाव, कुणाकडून शिकला ते सगळं. गोरमाटीताई, तुमच्या सांगण्यावरून विचारलं तर म्हणाला जन्माची ओवी घरातच ऱ्हाऊ दे, लग्नाची लोकास्नी ऐकव. चित्रं बहीण काढणार आहे, पडवीच्या भिंतीवर गेरू आणि चुन्यानं, ती रात्रभर जागी होती आणि सकाळीच बिरोबाची मेंढरं काढायला बसली.

ध्वनी_सातारा:
मोबाईलवर ढोल फाटला असणार. पुढच्या वेळी माझा एच१ घेऊन जा, कुरिअर करतो.

कुडाळकर_९:
भिंतीवरचं पावसाळ्यात जाणार. कागदावर काढा.

बिरूचा_नातू:
गेलं तर बहीण परत काढेल, तिला आता कथा येते. ध्वनीदादा, पाठवा, आरेवाडीच्या यात्रेला परत बसणार आहेत.

टेप_ते_कार्ड:
तीन कॉप्या केल्या का?

बिरूचा_नातू:
दोन झाल्या. तिसरी रविवारी हातकणंगल्याला पोचवतो, झीलवाल्या काकांच्या घरी.