झाडांच्या शेंड्यावर ड्रोन इतका का हलतो?

सडाफिरस्ता:
साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर (उघड्या पठारावर) वारा भरपूर असतो पण ड्रोन एका जागी थांबतो. तोच ड्रोन खाली आमच्या देवराईवर शेंड्यांपासून १० मीटर वर नेला की गचके सुरू, दोन-चार सेकंद शांत आणि मग वरून कोणीतरी थाप मारल्यासारखा खाली येतो. शेंड्यांपासून ५० मीटरवर परत ठीक. झाडं साधारण १८ मीटरची आहेत, आणि वारा तर सड्यापेक्षा कमीच वाटतो, मग असं का?

रानवारा:
दादा, वारा किती यापेक्षा तो उंचीप्रमाणे किती झपाट्याने बदलतो ते बघा. झाडीच्या आत वारा जवळपास मेलेला असतो, शेंड्याच्या वर पळत असतो, आणि त्या दोघांच्या सीमेवर झाडाच्या उंचीएवढे मोठे भोवरे तयार होतात. रौपाक, फिनिगन आणि ब्रुने या संशोधकांनी १९९६ मध्ये हेच मांडलं, की इथला वारा साध्या जमिनीवरच्या वाऱ्यासारखा नसून वेगवेगळ्या वेगाचे दोन प्रवाह एकमेकांना घासतात तसा वागतो. तुमची थाप म्हणजे वरची वेगवान हवा झाडीत घुसते ती, थोडाच वेळ असते पण जोरात. ज्वारीच्या उभ्या पिकावर लाटा पळताना बघितल्यात ना, तेच भोवरे. जपानीत त्या लाटांना होनामी म्हणतात.
भोवऱ्यांचा हा पट्टा जमिनीपासून झाडाच्या उंचीच्या २ ते ३ पटीपर्यंत पोचतो, म्हणजे तुमच्याकडे त्याची वरची हद्द ३६ ते ५४ मीटरवर. तुम्ही आधी २८ वर होतात, नंतर ६८ वर. हिशोब बसतो बघा!

उत्तरेचा_वारा:
मी स्वीडनमध्ये पवनचक्क्यांच्या कामात आहे, इकडे बऱ्याच चक्क्या जंगलातच आहेत. खालच्या पात्याला एक वारा आणि वरच्याला वेगळा, त्यात हे गचके, त्यामुळे पाती आणि बेअरिंग लवकर थकतात, म्हणून मनोरा उंच घ्यावा लागतो. वाऱ्याला जमीन झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांशावर आहे असं वाटतं, तुमच्या राईत १२ मीटरवर, वाऱ्याचा वेग उंचीप्रमाणे कसा वाढतो ते तिथूनच मोजायचं. फक्त देवराई उतारावर असेल तर डोंगराचाही हात असणार.

सडाफिरस्ता:
उतारावरच आहे. आज सकाळी ७ ला परत उडवला, गचके खूप कमी होते.

रानवारा:
ऊन तापलं नव्हतं ना. रात्रभर थंड झालेली हवा खाली बसलेली असते, ती भोवऱ्यांना उठू देत नाही. आता दुपारी १२ ला त्याच उंचीवर उडवा आणि दोन्ही लॉग (ड्रोनच्या उड्डाणाच्या नोंदी) इथे टाका, मला खरंच बघायचेत.