पावसाळ्यात पुण्यात क्रॉस कंट्रीचा सराव : मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. आम्ही अमेरिकेत ओहायोमध्ये राहतो आणि माझी मुलगी तिच्या हायस्कूलच्या क्रॉस कंट्री संघातून गवत, चिखल आणि चढउतार तुडवत 5 किलोमीटर धावते. मुख्य शर्यतीत संघातील सात जणी उतरतात, त्यांपैकी पहिल्या पाच जणींच्या क्रमांकांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरजेचा संघ जिंकतो. त्यामुळे पाचवीची धावही पहिलीइतकीच मोलाची आहे, हे तिच्या प्रशिक्षकांनी मुलींच्या मनावर पक्के बिंबवले आहे. शेवटच्या चढापाशी उभे राहून ते प्रत्येकीला नावाने हाक मारतात आणि सर्वांत मागची मुलगी पुढे जाईपर्यंत जागचे हलत नाहीत. अशा माणसाचा शब्द मुलीला खाली पडू द्यायचा नाही.

जून-जुलैमध्ये आम्ही कोथरूडला असू. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होत असल्याने सुट्टीत अंतर हळूहळू वाढवावे आणि शक्यतो मातीवरच धावावे, अशी त्यांची सूचना आहे. वेताळ टेकडीवरील वाटा पावसात कितपत निसरड्या होतात, पहाटे तिथे मुलीने एकटीने धावणे सुरक्षित आहे का, आणि तिला सामावून घेईल असा शाळकरी मुलींचा एखादा गट त्या परिसरात आहे का, हे जाणकारांनी कृपया कळवावे.