नेपाळ यात्रेची स्लीपर बस : पैसे भरायच्या आधी काय विचारावं?

उदगीरकर_७
आई-अण्णा गल्लीतल्या मंडळींसोबत श्रावणात नेपाळला निघालेत. इथूनच स्लीपर, काशी, अयोध्या करून सोनौलीच्या सीमेवरून नेपाळात पोखरा-काठमांडू. यात्रावाला म्हणतो, "गाडी एकदम नवी, टेन्शन घेऊ नका." अण्णांना तेवढ्यावर पटलंय, मला नाही. नेमकं बघायचं काय?

पानगाव_फाटा
गाडीचा नंबर मागा आणि एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाका. फिटनेस, परमिट, विमा, सगळ्याच्या तारखा दिसतात. नंबर देत नसेल तर तिथंच समजा.

स्टेअरिंगवाले_काका
एसटीत जन्म गेला माझा, अंबाजोगाईला. गाडी नवी का जुनी ते नंतर बघा. आधी विचारा, ड्रायव्हर किती? दोन म्हणला तर दुसरा झोपतो कुठं? डिकीत बोचक्यांच्या बाजूला गादी टाकून झोपायलेत पोरं. खालून रस्त्याचा दणका, डिझेलचा वास. तो काय झोपणार आन पहाटं काय चालवणार? आठ तासांची ड्यूटी मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातच लिहिलेली. युरोपात गाडीला टॅकोग्राफ असतो, म्हंजी किती वेळ चालवलं ते नोंदणारं मशीन, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, नाहीतर मशीनच चुगली करतं. आपल्याकडं चुगली करायला कोण हाय? मागं बसलेले सगळे घोरायलेत.

दुसरं, गाडी दारात आली की आत चढा. संकटकालीन दरवाज्यापुढं जादा बर्थ ठोकलाय का बघा, हँडल सवता फिरवा. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ गाडी दाराच्याच अंगावर पडली आन पेटली. २५ माणसं गेली. जे वाचले ते काच फोडून निघाले. हातोडी कुठं टांगलीय ते अण्णांना दावून ठेवा. वरचा बर्थ म्हाताऱ्या माणसांना नको.

उदगीरकर_७
काका, सोनौलीच्या पुढं काय?

स्टेअरिंगवाले_काका
भन्सार, म्हंजी नेपाळची जकात, भरला की गाडी आत. कागद बघतेत, ड्रायव्हरचे डोळे कोण बघतंय? आपला साधा विमा सीमेपर्यंतच. जादा प्रीमियम भरून पॉलिसीवर नेपाळ चढवून घ्यावं लागतं, त्या पानाचा फोटो मागा. आन श्रावणात जाऊच नका. २३ ऑगस्ट २०२४ ला पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत बस कोसळली, आपल्या जळगावकडचे यात्रेकरू होते. आपल्या बालाघाटच्या डोंगरात गाडी हाकली म्हणून तिथला घाट जमतो आसं नसतंय. सोनौलीपुढं तिथलीच गाडी, तिथलाच ड्रायव्हर घ्या. आन दिवसाचाच प्रवास.

उदगीरकर_७
फोन केला. दुसरा ड्रायव्हर "केबिनमध्येच ॲडजस्ट होतो" म्हणे. विम्याचं विचारलं तर "पाठवतो, पाठवतो". अण्णांना दिवाळीनंतरचं सुचवलंय, पण गल्लीतल्या निम्म्यांनी ॲडव्हान्स भरलाय.

पानगाव_फाटा
ॲडव्हान्सची पावती घेतलीय का? आणि कधीही गेले तरी मतदान कार्ड द्या सोबत.