लक्ष जाणं, देणं, ठेवणं, घालणं: 'अटेन्शन'चा मराठी संसार

'अटेन्शन'ला मराठी शब्द कोणता, असं कुणी विचारलं की 'लक्ष' हे उत्तर लगेच येतं. ते बरोबर आहे, पण पुरेसं नाही. मराठीत 'लक्ष' सहसा एकटं येत नाही. त्याच्याबरोबर क्रियापद येतं आणि अर्थाचा मोठा भार ते क्रियापदच उचलतं.

लक्ष जातं ते आपोआप. खिडकी आपटली की तिकडे लक्ष जातं, त्यात आपली इच्छा नसते. लक्ष देतो ते ठरवून. लक्ष वेधलं जातं तेव्हा करणारा दुसराच कुणीतरी असतो. 'लक्ष लागणं' याला मात्र दोन अर्थ आहेत. 'वाचनात लक्ष लागत नाही' म्हणजे मन रमत नाही. 'सगळ्यांचं लक्ष निकालाकडे लागलंय' म्हणजे सगळे आतुरतेने वाट पाहताहेत. आणि लक्ष घालणं म्हणजे नुसतं पाहणं नव्हे. 'या प्रकरणात तुम्ही स्वतः लक्ष घाला' म्हणणाऱ्याला ते काम मार्गी लावून हवं असतं. 'तू यात लक्ष घालू नकोस' याचा अर्थही 'पाहू नकोस' असा नसून 'दूर राहा' असा आहे.

'लक्ष'च्या आधी येणाऱ्या 'कडे' आणि 'वर' यांनीही फरक पडतो. 'त्याच्याकडे लक्ष दे' यात काळजी आहे. 'त्याच्यावर लक्ष ठेव' म्हटलं की संशयाची छटा डोकावते. रांगत्या बाळाबद्दल म्हटलं तर ती छटा नसते, कारण बाळाचा संशय कोण घेणार? पण मोठ्या माणसाबद्दल म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, 'का, काय केलं त्याने?'

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो 'लक्षात' हा प्रकार. 'लक्ष'ला 'त' जोडला की शब्द नजरेतून थेट स्मरणात आणि समजेत जातो. लक्षात आलं म्हणजे समजलं. लक्षात आहे म्हणजे आठवतंय. लक्षात घेणं म्हणजे विचारात घेणं, आणि लक्षात आणून देणं म्हणजे दुसऱ्याच्या नजरेतून सुटलेलं त्याला दाखवणं. 'माझं लक्ष नव्हतं' आणि 'माझ्या लक्षात नव्हतं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात सांगितलेलं कानावर पडूनही आत पोचलंच नाही. दुसऱ्यात ते पोचलं होतं, पण ऐनवेळी आठवलं नाही. दोन्ही सबबीच, पण त्यांचा दोष वेगळा आहे, आणि मराठी माणूस तो न शिकवता बरोबर ओळखतो. 'अटेन्शन' या एका शब्दातून ही दुसरी सबब देताच येत नाही.

मुळात 'लक्ष्' हा संस्कृत धातू आहे: पाहणं, खुणेवरून ओळखणं. लक्षण, लक्षणीय, अलक्षित हे सगळे त्याच घरातले. संस्कृतात 'लक्ष' म्हणजे नेम धरायची खूणही आणि एक लाख ही संख्याही. मराठीत मात्र नेमाचा अर्थ 'लक्ष्य'कडे गेला आहे, आणि उच्चारात फरक फारसा ऐकू येत नसल्याने लिहिताना घोळ होतो. 'टीकाकारांनी त्यांना लक्ष्य केलं' इथे 'य' हवाच. 'लक्ष्य द्या' असं लिहिलं तर मात्र नेमाची खूणच मागितल्यासारखं होतं. विधिमंडळात 'लक्षवेधी सूचना' मांडतात, ती 'य'शिवाय, कारण तिथे सभागृहाचं लक्ष वेधायचं असतं.

दुसरा शब्द 'अवधान'. 'अव' अधिक 'धा' म्हणजे ठेवणं, म्हणजे मन एका जागी ठेवणं. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायाच्या पहिल्याच ओवीत श्रोत्यांकडे एवढंच मागितलं आहे: फक्त अवधान द्या, म्हणजे सर्व सुखाला पात्र व्हाल. क्रियापद तिथेही देण्याचंच, 'दीजे'. सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचा हा शब्द आज बोलण्यातून जवळजवळ गेला, पण त्याची भावंडं रोज भेटतात. 'अनवधानाने राहून गेलं' हे माफीच्या पत्रात असतंच. एकाच वेळी अनेक गोष्टी सांभाळणारा तो अष्टावधानी. आणि 'सावधान' म्हणजे स-अवधान, लक्षासकट! कवायतीत 'अटेन्शन'साठी हाच शब्द दिला जातो, आणि तो नेमका आहे. शिवाय त्याला धोक्याच्या इशाऱ्याचाही अर्थ आला आहे. 'सावध' तर आता बहुतेक त्याच अर्थाने चालतो. मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी 'अवधान' पारिभाषिक म्हणून ठेवला, हे मला फार योग्य वाटतं. 'लक्ष'ला इतके अर्थ चिकटले आहेत की शास्त्रात तो अडचणीचा झाला असता.

'ध्यान' हिंदीत सरसकट 'लक्ष' या अर्थाने चालतो, म्हणून हल्ली मराठीतही 'ध्यान द्या' ऐकू येतं. मला ते खटकतं. आपल्याकडे ध्यानात येणं, ध्यानात ठेवणं, ध्यानीमनी नसणं हे जुनं आणि अस्सल आहे, पण 'देणं' मराठीत लक्षाला शोभतं. 'दखल'चं याच्या उलट झालं. अरबीतून आलेला हा शब्द हिंदीत 'दखल देना' म्हणजे ढवळाढवळ करणं. मराठीत 'दखल घेणं' म्हणजे महत्त्व ओळखून नोंद घेणं. दखलपात्र गुन्हा यातही तोच अर्थ आहे.

खुद्द 'अटेन्शन' लॅटिनमधून आला. 'अटेंडेरे' म्हणजे एखाद्या दिशेने ताणणं. त्यातल्या 'टेंडेरे'चं आणि संस्कृत 'तन्'चं मूळ एकच मानतात, आणि आपला 'ताण'ही 'तन्'च्याच कुळातला. मन एका बाजूला ताणून धरणं म्हणजे अटेन्शन, ही कल्पना म्हणून आपल्याला परकी वाटू नये.

बोलण्यात हा इंग्रजी शब्द एका खास अर्थाने रुळला आहे: 'तिला सतत अटेन्शन हवं असतं.' इथे 'लक्ष हवं असतं' म्हटलं तर काळजीची गरज आहे असं वाटेल. 'सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं असं तिला वाटतं' हे नीट होतं, थोडं लांब असलं तरी. 'तो मला अटेन्शनच देत नाही' याला मात्र 'तो मला भावच देत नाही' हा ठसठशीत पर्याय तयार आहे.

राहिला 'अटेन्शन स्पॅन'. शास्त्रीय लेखनात 'अवधान-कालावधी' चालेल. पण पालकांशी बोलताना शिक्षकांनी सरळ म्हणावं, 'त्याचं लक्ष फार वेळ टिकत नाही.' त्यासाठी नवा शब्द घडवायची गरज मला दिसत नाही.