गणपतीत क्लबहाउसमध्ये मारिओ पार्टी ठेवायची का?

(कोथरूडमधल्या एका सोसायटीचा ग्रुप, बुधवार रात्र)

बी-४०२, सांस्कृतिक समिती: यंदा मुलांसाठी संगीत खुर्चीऐवजी टीव्हीवर 'मारिओ पार्टी सुपरस्टार्स' हा व्हिडिओ गेम ठेवा, अशी सूचना आलीये. त्याला लागणारं निन्टेन्डोचं स्विच मशीन सी-१०१ कडे आहे. कसा आहे हा गेम?

सी-१०१: मशीन देतो की. गेम २०२१ चा, पण आतले १०० मिनीगेम, म्हणजे छोटे छोटे खेळ, जुन्या मारिओ पार्टींमधून निवडून घेतलेत. नवख्यालाही जमतात, बहुतेकांत एक-दोन बटणांचं काम. आमची आजी दोरीवरच्या उड्यांत मला हरवते.

ए-२०४ काकू: भाच्याकडे बघितला होता मी. मिनीगेम कमी, फासे टाकणंच जास्त चाललं होतं.

सी-१०१: तो बोर्ड, काकू. सापशिडी आणि व्यापार एकत्र केल्यासारखा. नाणी जमवायची, २० नाण्यांना एक स्टार घ्यायचा, दर फेरीनंतर एक मिनीगेम. जास्त स्टार तो जिंकला. पण शेवटी बोनस स्टार वाटतात. परवा निम्म्याहून जास्त मिनीगेम मी जिंकलो आणि पहिला आला धाकटा, का तर तो हिरव्या घरांवर जास्त वेळा पडला!

ए-२०४ काकू: 😂 छान झालं. गर्व उतरला.

डी-३०३ काका: मग बक्षिसाला हा चालणार नाही. गेल्या वर्षी लिंबू-चमच्यावरून दोन घरं दिवाळीपर्यंत बोलत नव्हती.

सी-१०१: मान्य, काका. पण घरी त्यातच मजा आहे. सहा वर्षांची पुतणी शेवटपर्यंत उठत नाही, कारण शेवटच्या फेरीतही डाव उलटू शकतो. निव्वळ कौशल्याचा असता तर दहाव्या मिनिटाला भोकाड पसरलं असतं.

बी-४०२: वेळ किती लागतो?

सी-१०१: १० फेऱ्यांना तासभर धरा. एका वेळी चौघंच. आपली मुलं २२.

डी-३०३ काका: म्हणजे सहा तास. आरती विसर्जनाच्या दिवशीच करू मग.

ए-१०३: उद्या गुरुवार, पाणी बंद. आत्ताच भरून ठेवा.

ए-५०१ ताई: ह्यात हात सोलतात ना?

सी-१०१: ते १९९८ च्या पहिल्या गेममध्ये. पोरं तळहाताने कंट्रोलरची स्टिक गरागरा फिरवायची. शेवटी २००० साली अमेरिकेत निन्टेन्डोला हातमोजे द्यावे लागले. रस्सीखेच यातही आहे, आधी 'तळहात वापरू नका' अशी सूचना येते. वाचतंय कोण! ती वगळूच.

बी-४०२: मग करायचं काय?

सी-१०१: बोर्ड सोडा. नुसते मिनीगेम खेळायची सोय वेगळी आहे. एकेक मिनिट-दोन मिनिटांचा, नशीबही कमी. चौघांचे गट पाडा, जिंकेल तो पुढे. फक्त 'बम्पर बॉल्स' नको. मोठ्या चेंडूवर उभं राहून एकमेकांना ढकलायचं असतं, आणि वेळ संपला की बरोबरी. आमच्याकडे तर दर वेळी. आणखी एक जॉय-कॉनची (स्विचच्या छोट्या कंट्रोलरची) जोडी लागेल, माझ्याकडे एकच आहे. मोठ्यांच्या बोटांना तो जरा इवलासाच वाटतो.

ए-५०१ ताई: जोडी आहे आमच्याकडे. फक्त चिकट हातांनी धरायची नाही. मोदक नंतर.

बी-४०२: ठरलं. मुलांना नुसते मिनीगेम.

ए-२०४ काकू: आणि ज्येष्ठांचा एक डाव बोर्डावर ठेवा. आम्हाला वेळच वेळ आहे.

सी-१०१: काकू, बोनस स्टार बंद करता येतात. करू का?

ए-२०४ काकू: चालूच ठेव. आणि ती हिरवी घरं कुठे असतात ते मला आधी दाखवून ठेव.