छिटाच्या नक्षीचा कागद डब्यावर चढवताना: फुगे, आडवी फुलं आणि निळी पानं

पुठ्ठाघर:
झाकणाचे पुठ्ठ्याचे डबे मढवायचे आहेत. डबा बाहेरून २४ × १८ × ८ सेंमी, पुठ्ठा २ मिमी. कागद ऑफसेट छपाईचा रॅपिंग पेपर, ५० × ७० सेंमी, साधारण ८० जीएसएम (चौरस मीटरला ८० ग्रॅम). त्यावर कोरोमंडलच्या (तमिळनाडू-आंध्रच्या किनाऱ्यावरच्या) जुन्या छिटाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या सुती कापडाची, नक्षी आहे: वळत जाणाऱ्या वेली, मोठी लाल फुलं. नक्षी आडवी दर १४ सेंमीला पुन्हा येते, उभी दर २१ ला.
फेव्हिकॉलने चिकटवला की फुगे येतात. दोन बाजूंवर फुलं आडवी पडतात. आणि पानं हिरवी नसून निळी आहेत, अख्ख्या गठ्ठ्यात. छपाई चुकलीय का? परत करू?

नीळ_मंजिष्ठ:
परत करू नका, पानं निळीच हवीत. त्या किनाऱ्यावरचे रंगारी लाल रंग कापडाला तुरटी लावून चाय या वनस्पतीच्या मुळांनी चढवायचे, काळ्यासाठी लोखंड वापरायचे आणि निळ्यासाठी नीळ. हे रंग पक्के. हिरवा मात्र एका रंगात मिळत नसे, म्हणून निळ्या पानावर वरून पिवळा भरायचे. तो पिवळा कच्चा, उजेडात उडून गेला आणि खालची नीळ उरली. अठराव्या शतकातल्या कितीतरी तुकड्यांवर आज पानं निळी दिसतात ती यामुळे. तुमच्या कागदवाल्याने अशाच तुकड्यावरून नक्षी उचललेली दिसते.
छपाई खरंच चुकली का, हे काळ्या बाह्यरेषेवरून कळतं. मूळ कापडावर रंग हाताने भरलेला, त्यामुळे तो रेषेबाहेर कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे जातो. सगळ्या फुलांत एकाच दिशेने तेवढाच सरकलेला दिसला, तर छपाईची प्लेट हललीय. फुलांच्या आतल्या बारीक पांढऱ्या रेषाही बघा. मूळ कामात त्या मेण लावून राखलेल्या असतात. हलक्या नकलेत त्या आधी बुजतात.

खळ_आणि_दाब:
फुग्यांचं कारण घाई. कागद ओला झाला की धाग्याला (कागदातले तंतू ज्या दिशेने असतात तिला) आडवा फुगतो, साधारण १ ते २ टक्के. तुम्ही लगेच डब्यावर टेकवता, तो तिथे फुगत राहतो, आणि फेव्हिकॉलने एव्हाना पकडलेलं असतं. मग त्याला वर उचलण्याशिवाय जागा नाही.
मैद्याची खळ करा: ५० ग्रॅम मैदा, ३०० मिली पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. गार झाल्यावर गाळा. तीन भाग खळीत एक भाग फेव्हिकॉल. कागदाला लावून दीड-दोन मिनिटं तसाच ठेवा. आधी तो कडांनी वळेल, मग सैल होऊन सपाट पडेल. तेव्हाच उचला. मधून कडांकडे कोरड्या फडक्याने दाबत जायचं.
धागा ओळखायला ५ सेंमीचा चौकोन कापून मागून ओला करा. तो नळीसारखा वळेल; त्या नळीची लांबी म्हणजे धाग्याची दिशा. मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब मुरतच नसेल, तर कागदावर प्लास्टिकचा थर आहे. तिथे खळ चालणार नाही.

मापात_राहा:
आडव्या फुलांवर खळीचा इलाज नाही. तळाशी एकच अख्खा कागद ठेवून चारी बाजू वर घेतल्या की दोन भिंतींवर नक्षी आडवी आणि एकीवर उलटी येणारच. कुठूनही सारखी दिसणारी बारीक फुलांची नक्षी असती तर खपून गेलं असतं. मोठ्या वेलीला खपत नाही.
भिंतींना वेगळ्या पट्ट्या लावा. एक लांब आणि एक आखूड बाजू मिळून ४२ सेंमी, म्हणजे १४ च्या बरोब्बर तीन आवृत्त्या. नशीब आहे तुमचं! दोन्ही पट्ट्या नक्षीच्या एकाच बिंदूपासून सुरू करून कापल्या तर समोरासमोरच्या दोन्ही कोपऱ्यांवर वेल जुळते. पट्टीची लांबी ४२ आणि चिकटवायला १.५, म्हणजे ४३.५, उंची ८ अधिक वरून आत आणि खाली तळाशी वळवायला दीड-दीड, म्हणजे ११.
पण पट्टी ओली झाल्यावर ४ ते ८ मिमी वाढू शकते. म्हणून दीड सेंमीची ती शेपटी आधी छाटू नका. दोन्ही पट्ट्या सारखाच वेळ भिजवा, आणि कोपऱ्यावर नक्षी जुळवून मगच धारदार कटरने जास्तीचं काढा. झाकणाच्या वरच्या भागावर मोठं फूल मधोमध घ्या. झाकणाच्या कडेची वेल खालच्या भिंतीशी जुळवण्यात कागद फुकट घालवू नका, डबा उघडला की ते कुणी बघत नाही.

खळ_आणि_दाब:
एक भर. बाहेरून मढवलेला पुठ्ठा वाळताना बाहेरच्या बाजूला ओढला जातो, भिंती वाकतात. आतूनही साधा कागद लावा, शक्यतो त्याच दिवशी, धागा त्याच दिशेने ठेवून.

पुठ्ठाघर:
समजलं, निळी पानं ठेवतो. खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात ना? डबे मिठाईचे आहेत.

खळ_आणि_दाब:
मग मोरचूद अजिबात नको, विषारी आहे. शिवाय कागदाच्या पांढऱ्या भागावर निळसर झाक येऊ शकते. खळ ताजी करा, फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. मढवलेले डबे उघडे ठेवून पूर्ण वाळू द्या. दमट असताना झाकण लावलं तर आत बुरशी येते. मिठाई छापील कागदाला किंवा खळीला न लागता बटर पेपरमध्येच ठेवा.