मदत हवी आहे: बाइकचा गिअर लिव्हर शाफ्टवर फिरतो, बोल्ट आवळूनही पकड नाही

लिव्हर दाबला की खाली जातो, गिअर मात्र पडत नाही. वरचा गिअर टाकताना जास्त. बोल्ट 6 मिमीचा आहे, 10 चा पाना लागतो. गच्च आवळला की दिवसभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. लिव्हर थेट शाफ्टवर (इंजिनातून बाहेर येणाऱ्या दांड्यावर) बसतो, मधे लिंकेज (जोडदांडी) नाही. नवा लिव्हर घ्यावा की शाफ्टच गेला? ‘वेल्डिंग मारून टाका’ असाही सल्ला मिळालाय.

कानस: वेल्डिंग नको. लिव्हरच्या मागेच शाफ्टचा रबरी ऑइल सील असतो. तो भाजला की तेल गळणार, आणि उद्या कव्हर उघडायचं तर लिव्हर कापावा लागणार.

आधी दोष कुठे आहे ते पाहा. शाफ्टचं तोंड आणि लिव्हर यांवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा. इंजिन बंद ठेवून लिव्हर हाताने वर-खाली करा. रेघ तुटली तर दाते (शाफ्टवरच्या आणि लिव्हरच्या भोकातल्या, एकमेकांत अडकणाऱ्या बारीक खाचा) गेलेत. दोन्ही एकत्र हलले तर लिव्हरची पकड ठीक आहे, शोध आत घ्यायचा.

मग बोल्ट पूर्ण बाहेर काढा. नुसता ढिला करून लिव्हर ओढू नका, बऱ्याच गाड्यांत बोल्ट शाफ्टच्या खाचेतून जातो. लिव्हरची चीर (बोल्ट आवळल्यावर मिटत जाणारी फट) नीट बघा. आवळल्यावर तिच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकत असतील तर पुढचा सगळा जोर बोल्टवरच जातो, शाफ्टला पकड मिळतच नाही. ‘गच्च आवळला तरी ढिला’ याचं कारण बहुधा हेच.

प्रश्नकर्ता: रेघ तुटली. चीर पूर्ण मिटली आहे. लिव्हरचे दाते जवळजवळ सपाट, शाफ्टचे बाहेरच्या टोकाला बोथट, आत चांगले.

कानस: मग शाफ्ट वाचला. लिव्हरचा धातू सहसा मऊ असतो, म्हणून आधी तोच झिजतो. दाते थोडे शिल्लक असते तर हॅक्सॉ ब्लेड फिरवून चीर रुंद केली असती. आता नवाच घ्या. शाफ्टचे दाते वायर ब्रशने साफ करून लिव्हर पूर्ण आत सरकवा. अर्धवट बसलेला लिव्हर चांगले दातेही खातो. बोल्टही नवा, त्यावर मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा (बोल्ट ढिला होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) एक थेंब. टॉर्क (आवळण्याचा जोर) तुमच्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, 6 मिमीला साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर. लांब पाना लावून लोंबकळू नका, आटे जातील.

पाना१०: नवा येईपर्यंत शीतपेयाच्या डब्याची पत्री कापून दात्यांवर एक पदर गुंडाळा. गाडी घरी नेण्यापुरता उपाय, त्याच्या भरवशावर लांब जाऊ नका. आणि शाफ्टचे दाते पुढेमागे आतपर्यंत गेलेच तर शाफ्ट बहुतेक गाड्यांत क्लचच्या बाजूने निघतो. म्हणजे तेल काढणं, क्लच उतरवणं, नवं गॅस्केट, नवा सील. तेव्हा नवा शाफ्ट घालताना दात्यांवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर सीलची कड तिथेच फाटते.

प्रश्नकर्ता: शाफ्टच्या तोंडावर एक टिंब कोरलंय. त्याचा काही संबंध?

पाना१०: आहे. लिव्हरची चीर त्या टिंबासमोर आणा, मूळ उंची मिळते. बुटाला अडचण वाटली तर एकच दाता पुढे-मागे करून पाहा, टोकाला तेवढ्यानेही बराच फरक पडतो.